पदयात्रा नव्हे, पेययात्रा!

(द्वितीय वर्ष, कला)

प्रवासवर्णन लिहायचे तर माणसाने निदान महाबळेश्वरला तरी जाऊन यावे, असा संकेत आहे. आपल्या वार्षिकाचे जुने अंक ग्रंथालयात चाळले, तर काश्मीर, कन्याकुमारी, गेला बाजार माथेरान, अशी भारदस्त नावे भेटतात. माझा प्रवास गेटवे ऑफ इंडियापासून दादरपर्यंतचा. अंतर सुमारे १५ किलोमीटर. मुंबईचा माणूस एवढे अंतर रोज लोकलच्या दारात लोंबकळत कापतो आणि त्याचे वर्णन कुणालाही ऐकवत नाही. तरीही मी ते लिहायला बसलो आहे. त्या रात्री माझी एक लबाडी उघडकीला आली. दुसरी अजून झाकलेली आहे. ती इथे कबूल करायची आहे.

त्याचे असे झाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी कॅन्टीनमध्ये आमच्या वाङ्मय मंडळाच्या सेक्रेटरीने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातले कुठलेसे समुद्रकाठचे शहर. रस्त्यावरून एक लांबलचक टेबल चालले आहे! टेबलाच्या दोन्ही बाजूंना उंच स्टुलांवर दहा-बारा माणसे बसलेली. प्रत्येकाच्या पायांखाली सायकलचे पायडल आणि प्रत्येकाच्या हातात फेसाळलेला पेला. पुढे एकजण गंभीर चेहऱ्याने चाक सांभाळतो आहे. बाकीचे पीत आहेत, गात आहेत आणि जमेल तसे पायडल मारत आहेत.

"याला म्हणतात बीअर बाइक," सेक्रेटरी म्हणाला. "हॉलंडमध्ये निघाली, १९९७ च्या सुमारास."

"आणि ॲमस्टरडॅमच्या मध्यवस्तीतून २०१७ साली तिला हाकलून दिलं," आमचा भूगोल म्हणाला. (भूगोल हे त्याचे टोपणनाव. विषयही तोच.) "लोक वैतागले होते. गोंगाट, रहदारीचा खोळंबा आणि आडोशाला नको ते प्रकार."

"आपण असलं काही मरीन ड्राइव्हवर काढलं तर?"

"तर मंडळाचा पुढचा कार्यक्रम पोलीस ठाण्यात," मॉनिटरबाई म्हणाल्या. त्यांना पुढे वकिली करायची आहे. "महाराष्ट्रात बीअरला २१ वर्षं पूर्ण लागतात आणि कडक दारूला २५. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना लागतो, तो वेगळाच."

आम्ही सगळे एकोणीस-वीस वर्षांचे. कायदा असा आडवा आल्यावर कविराजांनी तोडगा काढला. दारू नको, पण पेये हवीतच. टेबल नको, सायकली हव्यात. रात्री निघायचे, किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे, प्रत्येक मुक्कामाला एक नवे पेय घ्यायचे आणि पहाटे दादरला नीरा पिऊन समाप्ती करायची. "विनोबांनी पदयात्रा काढली, आपण पेययात्रा काढू!" असे म्हणून कविराजांनी स्वतःच टाळी वाजवली. सेक्रेटरीने लगेच वहीचे पान फाडून यादी केली. एक, गेटवे: साधे पाणी (मंगलाचरण म्हणून). दोन, नरिमन पॉइंट: मॉनिटरबाईंच्या घरचे कोकम सरबत. तीन, मरीन ड्राइव्ह: सायकलवरचा चहा. चार, गिरगाव चौपाटी: काला खट्टा. पाच, हाजी अली: फळांचा रस. सहा, वरळी: थर्मासमधली कॉफी. सात, दादर: नीरा.

तिसरा क्रमांक ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला.

याचे कारण सांगायचे तर थोडे मागे जायला हवे. गेल्या वर्षी पहिल्या आठवड्यात सरांनी वर्गात प्रत्येकाला ओळख करून द्यायला सांगितले होते. कुणाचे वडील बँकेत, कुणाचे विमा कंपनीत, कुणाची आई शिक्षिका. माझी पाळी येईपर्यंत माझे तळहात घामाने भिजले होते. उठलो आणि म्हणालो, "माझे वडील कॅटरिंगमध्ये आहेत." एका इंग्रजी शब्दात केवढी सोय असते! प्रवेश अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी याआधीच 'खाद्यपेय व्यवसाय' असे लिहिले होते. तेव्हा ते खोटे नव्हते, असे मी मनाला बजावले.

माझे वडील, म्हणजे आमचे आबा, सायकलवरून चहा विकतात. रात्री दहाला निघतात, पहाटे परततात. नरिमन पॉइंटपासून चौपाटीपर्यंतचा किनारा हे त्यांचे दुकान. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो मिटायची वाट पाहता पाहता त्यांनी ट्रंक उचलली आणि गाव गाठले. आबा तेव्हा सात वर्षांचे. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली आणि पुढे पोटासाठी तेच मुंबईला आले. आधी हॉटेलात कपबश्या विसळल्या, मग सायकल घेतली. तिला आता अठरा वर्षे झाली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, असे आई शेजारणींना सांगते. ते खरे आहे. पायरी चढताना मी आबांना खाली उभे करून आलो, हे तिला ठाऊक नाही.

तेव्हा तिसरा क्रमांक. सहलीला आणि माझ्या अब्रूला वाचवायला मी तोंड उघडले. म्हणालो, "चहा काढून टाका रे. त्या सायकलवाल्यांचं पाणी कुठलं असतं, कोण जाणे. माझ्या ओळखीचा एकजण आजारी पडला होता."

असा कुणीही आजारी पडला नव्हता. सेक्रेटरीने विश्वासाने मान हलवली आणि यादीतल्या तीनवर आडवी रेघ मारली. मी सुटलो.

आता प्रश्न सायकलीचा. बाकीच्यांच्या घरी होत्या, नाहीतर कुलाब्याला भाड्याने मिळत होत्या. रात्रीचे भाडे मला परवडणारे नव्हते. घरी मी सहज बोलून गेलो, तर आबा म्हणाले, "आरं, घरची गाडी आसताना भाडं कशापायी? घिऊन जा की."

"आबा, शनवार हाय. धंद्याचा दिस."

"माझा गुडघा लई दुखतोय. शनवारी मी जायाचाच न्हाई."

(घरी मी असाच बोलतो. कॉलेजात 'नाही' आणि घरी 'न्हाई'. दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून पहिले वर्षभर मी वर्गात फार कमी बोललो.)

शनिवारची रात्र म्हणजे आमच्या घरची सुगी. आठवड्यातल्या इतर रात्रींपेक्षा शनिवारी किनाऱ्यावर माणूस जास्त. पाच थर्मास भरून आबा निघतात, मध्यरात्री परत येऊन पुन्हा भरून नेतात. दोनशे कप जातात. दहा रुपयांप्रमाणे दोन हजार. त्यातून दूध, साखर, पत्ती, आले आणि कागदी कप वजा जाता निम्मे हातात राहतात. हा हिशेब मला पाठ आहे, कारण दर रविवारी सकाळी वहीत तो मीच मांडतो. तरीही मी सायकल घेतली. गुडघ्याबद्दल पुन्हा विचारले नाही.

ती सायकल म्हणजे चोवीस कॅरेटचे लोखंड. काळी, उंच, जुन्या दुधवाल्यांकडे असायची तशी. थर्मास टांगायला हँडलला आणि कॅरियरला आबांनी लोखंडी आकडे बसवून घेतले आहेत. शनिवारी संध्याकाळी मी पान्हा घेतला आणि ते आकडे एकेक करून काढले. चहाचे ओघळ रॉकेलच्या बोळ्याने पुसले. पुढच्या मडगार्डवर शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाचे चित्र चिकटवलेले आहे. त्याला मात्र हात लावायचा धीर झाला नाही. आबा उंबऱ्यात बसून माझे उद्योग पाहत होते. काही बोलले नाहीत. काढलेले आकडे त्यांनी गोळा केले आणि डालड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवून दिले.

रात्री साडेअकराला आम्ही गेटवेपाशी जमलो. सहा आम्ही आणि सातवे मॉनिटरबाईंचे थोरले बंधू, ज्यांच्या सोबतीच्या अटीवर दोन्ही मुलींना घरून परवानगी मिळाली होती. त्यांच्या सायकलीला एकवीस गिअर होते. माझ्या सायकलीकडे पाहून ते म्हणाले, "वा! अँटिक पीस!" मी कसनुसा हसलो.

भूगोलने पाण्याची बाटली उंचावून प्रास्ताविक केले. बादशहा पंचम जॉर्ज १९११ साली इथे उतरला, तेव्हा ही कमान नव्हतीच; पायाचा दगड १९१३ चा आणि कमान खुली झाली ती १९२४ साली. शेवटची गोरी पलटण फेब्रुवारी १९४८ मध्ये याच कमानीतून बाहेर पडली. "म्हणजे आलेल्यासाठी बांधली आणि गेलेल्याच्या उपयोगी पडली," कविराज म्हणाले. एकेक घोट पाणी पिऊन आम्ही पायडलवर पाय ठेवले.

जानेवारीतली रात्र. अंगावर येणार नाही इतपत गारवा. नरिमन पॉइंटला कोकम सरबत झाले. तिथून वळण घेतले आणि समोर मरीन ड्राइव्ह पसरला. साडेतीन किलोमीटरहून थोडी जास्त लांबीची ती कमान, दिव्यांची ओळ आणि डाव्या हाताला काळा समुद्र. हा सगळा रस्ता समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर उभा आहे, असे भूगोल ओरडून सांगत होता. उजवीकडच्या गोल कोपऱ्यांच्या इमारतींना आर्ट डेको म्हणतात आणि २०१८ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले, हेही त्यानेच सांगितले. मी काही ऐकत नव्हतो. मान खाली घालून सर्वांच्या मागे चाललो होतो. हा आबांचा इलाखा. लहानपणी सुट्टीत त्यांच्यापुढे दांडीवर बसून मी इथे आलो आहे. कुठे खड्डा आहे ते मला डोळे मिटून सांगता आले असते. फक्त कुणी ओळखू नये, एवढेच मागत मी पायडल मारत होतो.

अर्धे अंतर तर बिनबोभाट पार पडले. आणि मग ते कुत्रे आले.

लाल मातकट रंगाचे, एका कानाने अधू. थेट माझ्या चाकापुढे येऊन उभे राहिले आणि शेपूट हलवू लागले. त्याला मी नव्हे, सायकल ओळखीची होती! रोज रात्री आबा त्याला खारीचा तुकडा टाकतात, हे मला नंतर कळले. त्याला हटवायला मी घंटी वाजवली. दोन लहान, एक लांब. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंऽऽग. दांडीवर बसवून आबांनी मला तशीच वाजवायला शिकवली होती. दुसरी कुठली घंटी माझ्या अंगठ्याला येतच नाही.

कठड्यापलीकडे लाटा अडवायला सिमेंटचे चार पायांचे ठोकळे टाकले आहेत ना, त्या अंधारातून आवाज आला, "मामा, दोन!" आणि गळ घेऊन मासे धरत बसलेल्या एका माणसाचे डोके वर आले. पुढे उभ्या असलेल्या टॅक्सीचे दार उघडले. पदपथावर नळ बदलायचे काम चालले होते, तिथला रखवालदार स्टीलचा पेला घेऊन लगबगीने निघाला. फुगे विकणारी एक बाई मुलाला काखेत घेऊन उठली. एका घंटीसरशी सगळा किनारा जागा झाल्यासारखे मला वाटले. पुढे गेलेले माझे सोबती मागे वळले.

रखवालदाराने आधी मला पाहिले, मग सायकलीकडे पाहिले. महादेवाच्या चित्रावर बॅटरी मारली. आकडे काढलेल्या जागी उरलेली भोके चाचपली.

"ये तो मामा की साइकिल है," तो म्हणाला आणि त्याने हँडल घट्ट धरले. "तू कौन है? मामा कहाँ है? कहाँ से उठाई?"

"चोरीची आहे का?" टॅक्सीवाला जवळ आला. मासे धरणाराही कठडा चढून आला. माझ्याभोवती चार-पाच माणसे झाली. सेक्रेटरी पुढे होऊन म्हणाला, "अहो, काहीतरी गैरसमज होतोय. हा आमच्या कॉलेजातला आहे. याचे वडील कॅटरिंगमध्ये आहेत."

रखवालदाराने हँडल सोडले नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी काय बोलणार आहे, हे मलाच ठाऊक नव्हते. तोंडातून शब्द आले ते घरचे. "माझ्या आबांची हाय ती! चहावालं मामा म्हंजी माझं वडील!"

वर्षभर जपलेला 'आहे' कुठल्या कुठे गेला.

क्षणभर कुणीच बोलले नाही. मग टॅक्सीवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, सोड, सोड त्याला! परवाच नाही का मामा सांगत होते? शनिवारी मी नाही, म्हणाले. पोरगं कॉलेजच्या मंडळींबरोबर सहलीला जातंय, सायकल त्याला दिलीय." आणि माझ्याकडे वळून, "म्हणजे बी.ए. करणारा तो तूच? दुसऱ्या वर्षाला? मराठी घेतलेला?"

"हो."

"बारावीला एकोणऐंशी टक्के?"

"हो."

"वक्तृत्वात पहिला नंबर?"

मी गप्प राहिलो. वक्तृत्व स्पर्धेत मला मिळाले होते उत्तेजनार्थ. आबांनी किनाऱ्यावर ते पहिले करून टाकले होते.

मग ज्याला त्याला काहीतरी सांगायचे होते. फुगेवालीला माझ्या परीक्षेची तारीख ठाऊक होती. मासे धरणाऱ्याला मी रात्री कोणत्या दिव्याखाली वाचतो ते माहीत होते. रखवालदाराने ओशाळून माझ्या पाठीवर हात ठेवला, खिशातून दहाच्या चार नोटा काढल्या आणि म्हणाला, "मामा का पिछला हिसाब. दे देना." वर्गातल्या साठ जणांपासून मी ज्या माणसाला लपवले होते, त्याने मला साडेतीन किलोमीटर किनाऱ्यावर जाहीर करून ठेवले होते! लबाडी आम्ही दोघांनीही केली होती. त्यांनी माझे उत्तेजनार्थ वर चढवले होते आणि मी त्यांना खाली उतरवले होते.

आम्ही निघालो. बराच वेळ फक्त साखळ्यांचा आवाज येत होता. चौपाटीला लोकमान्यांच्या पुतळ्याजवळ थांबलो, तेव्हा सेक्रेटरीने धीर करून म्हटले, "म्हणजे तुझे वडील खरोखरच कॅटरिंगमध्ये आहेत की!" सगळे हसले. मीही हसलो, खूप दिवसांनी मोकळा हसलो. काला खट्टा पिऊन सगळ्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या. मामला मिटला, असे मला वाटले.

मॉनिटरबाई मात्र हसल्या नव्हत्या. पेडर रोडच्या चढावर सायकली हातात धरून चालताना त्या माझ्याबरोबर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग पाण्याचं काय म्हणाला होतास तू?"

मला उत्तर देता आले नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. वकील होतील तेव्हा समोरच्या पक्षाची मला आतापासूनच दया येते.

उरलेली यात्रा यथासांग झाली. हाजी अलीला रस घेतला. भरतीच्या वेळी दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते; आम्ही पाहिली तेव्हा ती ओली चकचकीत होऊन नुकतीच वर येत होती. वरळीला कठड्यावर बसून कॉफी प्यायलो. समोर २००९ साली खुला झालेला सागरी सेतू दिव्यांनी उजळलेला, अलीकडे २०२४ साली सुरू झालेला किनारी रस्ता. दोन्हींवर सायकलीला मज्जाव. "म्हणजे समुद्राच्या अगदी जवळून जायचा मान मोटारींना, आणि आपण गल्लीतून!" कविराज म्हणाले. त्यावर त्यांनी तिथल्या तिथे चार ओळी रचल्या. त्या याच अंकात इतरत्र असतील, म्हणून इथे देत नाही.

पहाटे दादरला चैत्यभूमीपाशी पोहोचलो. बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी जिथे अंत्यसंस्कार झाले, ती ही जागा. सायकली कडेला लावून सगळे आत जाऊन आलो. आमच्यातल्या एकाच्या आजीने तो दिवस पाहिला होता. त्याने ते तेव्हाच पहिल्यांदा आम्हाला सांगितले. दोन वर्षे आम्ही एका बाकावर बसतो. प्रत्येकाने काय काय घरी ठेवून कॉलेजात यायचे ठरवलेले असते, कोण जाणे!

नीरा केंद्र उघडेपर्यंत आम्ही स्टेशनजवळ पेंगत उभे होतो. नीरा गार आणि गोड होती. ती उन्हे चढायच्या आत प्यावी, नाहीतर आंबून तिची ताडी होते, असे भूगोलने बजावले. म्हणून आम्ही दोन-दोन पेले प्यायलो आणि पेययात्रा कायद्याच्या चौकटीत समाप्त झाली.

घरी पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते. आबा जागेच होते.

"ब्रेक नीट लागतुया न्हवं?"

"लागतोय." मी चाळीस रुपये त्यांच्यापुढे धरले. "नळाच्या कामावरल्या रखवालदारानं दिलं. मागला हिसाब म्हणाला."

आबांनी नोटा मोजल्या नाहीत. नुसत्या हातात धरून बसले. "म्हंजी मंडळी भेटली म्हणायची."

"भेटली."

"काय म्हणत हुती?"

"मला वक्तृत्वात पहिला नंबर मिळाला, म्हणत होती."

आबा लाजले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आरं, त्यास्नी उत्तेजनार्थ म्हंजी काय ते कळाया नगं?" आणि डालड्याचा डबा घेऊन ते उकिडवे बसले, एकेक आकडा सायकलीला परत बसवू लागले. बसले काय, उठले काय, पान्ह्यासाठी कोपऱ्यापर्यंत गेले काय! दुखणारा गुडघा कुठेच दिसेना. चुलीपाशी आई होती. मी तिच्याकडे पाहिले, तर तिने मान वळवून घेतली.

त्या रविवारी हिशेबाच्या वहीत शनिवारच्या रकान्यात मी शून्य लिहिले. आबा म्हणाले, "चाळीस लिव्ह की."

पुढच्या पेययात्रेची यादी सेक्रेटरीने आताच करून ठेवली आहे. तीनवरची रेघ त्याने खोडली आहे. पुढच्या वर्षीच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे काय लिहायचे, ते मीही ठरवले आहे. इथवर सगळे ठीक आहे. पण पाण्याबद्दल मी जे बोललो, ते आबांना आणि आईला मी आजवर सांगितलेले नाही. सहा जणांसमोर बोललो होतो. त्यांतल्या एकीने तरी ते लक्षात ठेवले आहे. आणखी कुणी कुणाला सांगितले असेल, तर ते कुठवर गेले, हे मला कळायला मार्ग नाही. सायकलवरच्या एखाद्या कपाशी कुणाचा हात त्यामुळे थांबला असेल, तर तो माझ्यामुळे.

हा अंक मी घरी नेणार आहे. आबा सातवी शिकलेले आहेत. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचतात, पण शेवटपर्यंत वाचतात. तेव्हा त्यांनाही कळेल.

आमच्या घरी चहाचे पाणी आई रोज संध्याकाळी दोनदा गाळते. गाळायचे फडके पांढरे असते आणि ते ती दररोज उकळत्या पाण्यात धुते. थर्मास आतून ब्रशने घासले जातात. त्या चहाने कुणीही कधी आजारी पडलेले नाही. संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी, आणि संपादकांनी हा परिच्छेद जागेअभावी गाळू नये, ही नम्र विनंती.